मुलीला रग्बी खेळू द्यावं का? पुण्यातल्या खेळाडूंचा, पालकांचा सल्ला हवा

मुठाकाठ :
नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण येत्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय.

लेक 13 वर्षांची. 3 वर्षं शाळेच्या संघातून कबड्डी खेळते, डावा कोपरा सांभाळते. मागच्या महिन्यात शाळेत रग्बीचं दोन दिवसांचं शिबिर झालं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. परवा रात्री जेवणं झाल्यावर तिने पलंगावरची गादी खाली ओढली आणि म्हणाली, ‘आई, माझ्याकडे चालत ये.’ मी दोन पावलं टाकली तोवर तिचा खांदा माझ्या मांडीला भिडला होता, गाल कमरेला चिकटला होता, डोकं माझ्या पाठीकडच्या बाजूला आणि दोन्ही हातांचा वेढा पडलेला. मी बसल्यासारखी गादीवर आले, कुठेही लागलं नाही. मला उठवत ती म्हणाली, ‘डोकं कधीच समोरून घालायचं नाही. सर पुन्हापुन्हा तेवढंच सांगत होते.’ इतक्या नेमकेपणाने ती काही समजावतेय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा फुटबॉल खेळ. सासूबाईंचा साफ नकार आहे. त्यांनी टीव्हीवर एकमेकांवर कोसळणारे धिप्पाड गडी पाहिलेत, आणि ‘साहेबाचा खेळ आपल्याला कशाला’ हेही आहेच. मला विचारायचंय ते असं, की कबड्डी-फुटबॉलपेक्षा यात वेगळं काय मिळतं? दुखापतीचं खरं चित्र काय? आणि पाठवायचं ठरलं तर शिकवणारी जागा पारखायची कशी?

चढाईपटू :
ताई, कोपऱ्यावर खेळलेली मुलगी रग्बीत लवकर रुळते. आमच्या मंडळातल्या दोन पोरींचं बघितलंय. वाकून उभं राहणं, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कमरेकडे बघणं, साखळीतल्या जोडीदाराने अंग झोकलं की त्याच क्षणी आपणही झोकणं, हे तिच्या अंगात मुरलेलं असणार. एक सवय मात्र मोडावी लागेल. कबड्डीत पकड सुटली की गुण गेला, म्हणून आपण दात-ओठ खाऊन धरून ठेवतो. रग्बीत समोरचा खाली पडला की त्याला तिथल्या तिथे सोडायचं, नाहीतर पंच पेनल्टी देतात. आणि नुसता डॅश मारून पाडणं चालत नाही, हातांचा वेढा घालावाच लागतो.

आठ नंबरची जर्सी :
12 वर्षं खेळले, त्यातली 8 पुण्यात, म्हणून जरा जास्त लिहिते.

माझ्या मते या खेळाचा जीव एकाच नियमात आहे. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. पास द्यायचा तो मागे, फार तर आडवा. पुढे जायचं तर चेंडू घेऊन स्वतः पळा, नाहीतर पायाने मारा. फुटबॉलमध्ये आपण आपल्या पुढे धावणारीला पास देतो. इथे जी चेंडू घेऊन घुसते तिच्या पुढे आपलं कुणी नसतं, समोर सगळ्या विरोधकच. तिचा आधार पाठीमागे. ती कधी ना कधी पडणार हे ठरलेलंच असतं. पडताना ती अंग वळवते आणि हात लांब करून चेंडू आपल्या बाजूला जमिनीवर ठेवते. तेवढ्यात मागून धावत आलेल्या दोघीतिघींनी तिच्या आजूबाजूला पाय रोवून उभं राहायचं आणि समोरच्यांना रेटायचं, म्हणजे चेंडू आपलाच राहतो. याला रक म्हणतात. त्या रकच्या तळाशी मी कितीतरी वेळा पडलेय. तोंड चिखलात, वर कोण आहे ते दिसत नाही, कानात नुसता आरडाओरडा. आणि मग डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आपल्या संघाच्या रंगाचे मोजे येऊन रोवले जातात. ते मोजे दिसले की चेंडू आपलाच राहणार हे कळतं. मला या खेळाने काय दिलं असं कुणी विचारलं तर मला ते मोजे आठवतात.

दुसरी गोष्ट, इथे तऱ्हेतऱ्हेच्या अंगलोटीची माणसं लागतात. पंधरा जणींच्या खेळात 1 ते 8 फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीतल्या, 9 ते 15 बॅक म्हणजे मागच्या, आणि जर्सीचा आकडाच तुमची जागा सांगतो. 1 आणि 3 नंबरला भक्कम प्रॉप, 4-5 ला उंच लॉक, 9 ला चपळ आणि सतत बोलणारी स्क्रम-हाफ, 11 आणि 14 ला वाऱ्यासारख्या विंगर. शाळेत ‘जाडी’ म्हणून जिला लंगडीच्या संघात सगळ्यात शेवटी घेतात, ती मुलगी स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांच्या फॉरवर्ड वाकून एकमेकींना भिडतात आणि रेटतात त्याच्या, पहिल्या रांगेत लागते आणि तिच्यावाचून स्क्रम उभाच राहत नाही. मी स्वतः अशीच आत आले, प्रॉप म्हणून. इतर खेळांनी मला आधी बारीक व्हायला सांगितलं होतं.

क्रिकेटवरही माझं प्रेम आहे. पण शाळेच्या सामन्यात सातव्या नंबरला फलंदाजी आणि गोलंदाजी नाहीच, अशी मुलगी दिवसभर उन्हात उभी राहून घरी येते. रग्बीत चेंडू हातात नसला तरी तुम्ही कुणाच्या तरी आधाराला धावत असता. अमेरिकन फुटबॉलशी बरेच जण गल्लत करतात. तिथे हेल्मेट असतं, खांद्यांवर कवच असतं, चेंडू पुढे फेकता येतो आणि दर काही सेकंदांनी खेळ थांबतो. रग्बीत कवच नाही आणि कुणी पडलं म्हणून खेळ थांबतही नाही.

मोजणी सोपी आहे. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, 5 गुण. नुसतं रेषा ओलांडून भागत नाही, टेकवावाच लागतो. त्यानंतरच्या किकचे 2, पेनल्टी किकचे किंवा ड्रॉप गोलचे (खेळता खेळता चेंडू जमिनीवर टाकून टप्प्यावर मारलेल्या गोलचे) 3. पूर्ण सामना 80 मिनिटांचा. आपल्याकडे मुली जास्त करून सेव्हन्स खेळतात, त्याच आकाराच्या मैदानावर 7-7 जणी आणि 7 मिनिटांची दोन सत्रं. 14 मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण 70 मीटरपर्यंत रुंद मैदान सात जणींनी झाकायचं असतं.

पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं, हेही तुमच्या लेकीला आवडेल किंवा जड जाईल, पण कामी नक्की येईल.

पर्वतीची पायरी :
‘साहेबाचा खेळ’ यावर सासूबाईंना एक गोष्ट सांगा. कलकत्त्यात 1873 मध्ये रग्बीचा क्लब निघाला होता. काही वर्षांत सभासद रोडावले, हवा मानवेना, क्लब बंद करायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा एक चषक घडवला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. 1878 मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला, आणि 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच ‘कलकत्ता कप’साठी खेळतात. आपल्या रुपयांची चांदी आहे ती.

आणि मोठ्या देशांचीच मक्तेदारी आहे असंही नाही. 2016 ला रिओमध्ये सेव्हन्स पहिल्यांदा ऑलिंपिकला आलं आणि फिजीच्या पुरुषांनी सुवर्ण नेलं. त्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. 2015 च्या विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेला 34-32 हरवलं. शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून बरोबरी साधता आली असती, तरी जपान्यांनी ट्रायसाठी जायचं ठरवलं. मी तो सामना रात्री एकट्याने पाहिला आणि उभा राहून टाळ्या वाजवल्या.

आपल्या मुलींचंही बघा. 2019 मध्ये मनिलाला भारतीय महिलांनी सिंगापूरला 21-19 हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला त्यांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. भारताची कर्णधार राहिलेली वाहबिझ भरूचा आपल्या पुण्याचीच.

लाल मुरूम :
मी दुसरी बाजू मांडतो. माझ्या मुलाचं कॉलरबोन मोडलं, वय 14. एका ठिकाणी पाठवत होतो, नाव लिहीत नाही. एप्रिलचा महिना, मैदान मुरमाचं आणि वाळून दगड झालेलं. तिसऱ्याच दिवशी मोठ्या मुलांबरोबर पूर्ण वेगात टॅकल, म्हणजे धरून पाडणं, करायला लावलं. पडायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. तो हात टेकवून पडला, सगळा भार खांद्यावर आला. सहा आठवडे पट्टा.

खेळावर माझा राग नाही. पोरगा बरा होऊन पुन्हा खेळतोय, दुसरीकडे. पण मी आता मैदान पायाखाली तपासतो. टाच मारली आणि ठक्क आवाज आला तर त्या दिवशी टॅकलचा सराव नको, पासिंग करा, पळा. पुण्यात पडायला शिकायचा खरा काळ जुलै ते ऑक्टोबर. जमीन मऊ असते, पोरं चिखलात आनंदाने लोळतात.

हाडांची_काळजी :
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दुखापतीचं मी सांगते. रग्बीत क्रिकेटपेक्षा आणि फुटबॉलपेक्षा दुखापती जास्त होतात, हे पालकांपासून लपवू नये. त्यांतल्या बऱ्याचशा टॅकलमध्ये होतात. खरचटणं, मुका मार, मुरगळणं चालायचंच. ज्याला खरंच घाबरायचं ते डोक्याला बसणारा हादरा, कन्कशन. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. डोकं दुखणं, मळमळ, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, उजेड सहन न होणं, यातलं काहीही दिसलं की मुलगी मैदानाबाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि डॉक्टरांना दाखवायचं. मग टप्प्याटप्प्याने परत. हौशी खेळाडूंनी 21 दिवसांच्या आत सामना खेळू नये, असं वर्ल्ड रग्बी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मार्गदर्शन आहे. मऊ स्क्रम-कॅपने कान आणि कातडी वाचते, कन्कशन टळत नाही. टोपी घातली म्हणून निर्धास्त होऊ नका.

जागा पारखायची तर एक सराव बाजूला बसून पूर्ण बघा. टॅकल आधी गुडघ्यांवर, मग उकिडवं, मग चालत, मग हलक्या धावेत, असा चढत्या क्रमाने शिकवतात का? वजन-उंची बघून जोड्या लावतात का? प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवायला सांगा. आणि प्रशिक्षकांना सरळ विचारा, मागच्या वर्षभरात कुणाला डोक्याला लागलं म्हणून बसवलं होतं का. ‘आमच्याकडे असं काही होतच नाही’ असं उत्तर मिळालं तर मी मुलीला तिथे ठेवणार नाही.

पहिले दोन-तीन महिने टॅग रग्बी खेळवली तर उत्तम. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती असतात, पाडण्याऐवजी फीत ओढायची. पासिंग, जागा ओळखणं, हुलकावणी सगळं त्यात येतं.

मुठाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. मुरमाचं वाचून छातीत धस्स झालं, पण तेच सगळ्यात कामाचं ठरलं. शनिवारी आम्ही दोघी सकाळी साडेसहाला जाऊन एक सराव बघून येतो. खरेदी काय करावी लागेल?

आठ नंबरची जर्सी :
आत्ता फार काही घेऊ नका. फुटबॉलचे रबरी स्टडचे बूट चालतात. माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवाच. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा मिळतो, पाकिटावर लिहिलेला वेळ तंतोतंत पाळा आणि ओठ मिटून घट्ट चावायला सांगा. सैल बसला तर दुसरा घ्या. चेंडू घरी हवाच असेल तर तिच्या वयाला 4 नंबरचा, मोठ्यांचा 5 नंबरचा नको. कानातलं काढून ठेवायचं, नखं कापलेली.

मुठाकाठ :
शनिवारचं सांगते. मैदानावर गवत होतं, रात्रीच्या पावसाने माती दबत होती. टाच मारून बघितली. 20-25 मुली होत्या, त्यांत माझ्या लेकीहून बारीक चौघीजणी आणि दुप्पट अंगाच्या दोघी. पहिला अर्धा तास फक्त पडायला शिकवत होते, गुडघ्यांवरूनच. डोक्याला लागल्याचं विचारलं, तर सरांनी वही काढून दोन नोंदी दाखवल्या, तारखेसकट.

सासूबाई आपणहून बरोबर आल्या होत्या. घडीच्या खुर्चीवर बसून, कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. एका मुलीने वाकून समोरचीच्या दोन्ही मांड्यांना वेढा घातला, खांदा रेटला आणि तिला अलगद मागे बसवलं, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, ‘अगं, हा तर पट काढला.’ पट म्हणजे कुस्तीतला डाव. त्यांचे वडील तालमीत जायचे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. परतीच्या रिक्षात त्या लेकीला विचारत होत्या, पट निसटला तर पुढे काय करता. लेकीने रिक्षातच हात करून दाखवायला सुरुवात केली.

माउथगार्ड काल आणला. पहिला सैल बसला, दुसरा नीट बसलाय. मंगळवारपासून जाणार आहे, पहिले दोन महिने टॅग.