यंत्राला अनुदान की कारखाना चालवायच्या पद्धतीला?

आडवा_धागा
टफ्स, म्हणजे कापड उद्योगाच्या यंत्रसुधारणेची केंद्राची योजना, १९९९ मध्ये आली. नवे माग घ्या, कर्जाच्या व्याजाचा काही भार सरकार उचलेल, असा तिचा गाभा. माझं म्हणणं, त्यातला थोडा पैसा तरी कारखाना चालवायच्या पद्धतीवर लावायला हवा होता.

आधार तारापूर-उंबरगावचा. ब्लूम, महाजन, मॅकेन्झी आदी अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये तिथल्या शर्टिंग-सूटिंग विणणाऱ्या १७ कंपन्यांचे २० कारखाने प्रयोगात घेतले. १४ कारखान्यांत सल्लागारांनी एक महिना तपासणी केली आणि पुढचे चार महिने बसून अंमलबजावणी करून घेतली. उरलेल्या ६ मध्ये नुसती तपासणी. मोजल्या ३८ साध्या पद्धती: फॉल्टची (कापडातल्या दोषांची) नोंद मागनिहाय, पाळीनिहाय आणि डिझाइननिहाय, त्यावर रोज बैठक, देखभालीचा तक्ता, सुताचा साठा नंबर-रंगानुसार लिहिलेला. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. 'नवे माग घ्या' असा सल्ला त्या ३८ मध्ये कुठेही नाही.

पिक_मोजणारा
१७ टक्के सगळे सांगतात, त्याखालचा आकडा कोणी सांगत नाही. ६६ कंपन्यांना विचारलं, ३४ नी रस दाखवला, तयार झाल्या १७. म्हणजे ज्यांना बदलायचंच होतं त्यांच्यावरचा परिणाम आपण बघतोय.

शिवाय दर आठवड्याची आकडेवारी असल्यामुळे ओळी हजारो दिसतात, पण एकाच कंपनीचे आठवडे एकमेकांपासून सुटे नसतात. खरी संख्या १७ च. आणि बाजारभावाने हा सल्ला एका कारखान्याला सुमारे अडीच लाख डॉलरला पडला असता. संशोधन म्हणून तो फुकट मिळाला. एवढं अनुदान कोण देणार?

आडवा_धागा
संख्या कमी हे लेखकांनाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी क्रमपरिवर्तन चाचणी लावली. १७ पैकी सल्ला मिळालेल्या ११ कंपन्या निवडायचे १२,३७६ मार्ग होतात. प्रत्येक मार्गाने परिणाम पुन्हा काढायचा आणि खरा परिणाम त्या रांगेत कुठे बसतो ते पाहायचं. त्याला मोठा नमुना लागत नाही. स्वेच्छेने आलेल्यांचा आक्षेप मात्र मान्य. चाचणी कुठलीही लावा, तो उरतोच.

खर्चीवाला
तुमच्या दोघांच्या वादात इचलकरंजीचा माणूस कुठे आहे? प्रयोगातल्या कंपन्यांत सरासरी २७० च्या आसपास कामगार. खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्यासाठी मजुरीने, चालवणाऱ्याकडे सहा-आठ माग, सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, त्याच्या हाती फक्त पिकवर (विणलेल्या आडव्या धाग्यांवर) ठरलेली मजुरी. सुताचा साठा घटला तर अडकलेलं भांडवल सुटतं, पण ते व्यापाऱ्याचं! खर्चीवाल्याला त्यात दमडी नाही. त्याच्या कामाची एकच गोष्ट, फॉल्टपायी मजुरीतून होणारी कपात. ३८ पैकी त्याला लागू पडणाऱ्या पद्धती वेगळ्या काढा, मग बोलू.

पिक_मोजणारा
बरोबर. आणि टिकण्याचं काय? ब्लूम वगैरे संशोधक मंडळी २०१७ मध्ये परत गेली तेव्हा आत्मसात केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला, मालकाला वेळ मिळेनासा झाला की पद्धती सुटतात. पद्धती मालकाच्याच दुसऱ्या कारखान्यात पोचल्या. बाहेर, शेजारच्या कंपनीत, फारशा गेल्या नाहीत. म्हणजे दहांना शिकवा, शंभर आपोआप शिकतील हा हिशोब कोसळला.

आडवा_धागा
नऊ वर्षांनी निम्म्या उरल्या हे मला अपयश वाटत नाही. नऊ वर्षांत मागही झिजतोच की.

सूत_आणि_सूत्र
मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही: एवढा फायदा होता तर मालकांनी आधीच का नाही केलं? दोन कारणं दिसली. एक, आपला फॉल्ट शेजाऱ्याइतकाच आहे ना, मग ठीक, ही समजूत. दुसरं जास्त खोल. कंपनी किती मोठी होणार हे व्यवस्थापनापेक्षा घरात पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, चोरी झाली तर कोर्टात वर्षं जाणार, म्हणून मुलगा-पुतण्या असेल तेवढेच कारखाने. (मुली-सुनांचा विचारच नाही, हा वेगळ्या धाग्याचा विषय.) त्यामुळे चांगला चालवणारा मोठा होत नाही आणि वाईट चालवणारा बंद पडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कोलंबियातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना गटाने सल्ला दिला, तेव्हा तो एकेकट्याला देण्याच्या साधारण एक तृतीयांश खर्चात झाला आणि पद्धतींतली सुधारणा जवळपास तेवढीच निघाली.

खर्चीवाला
गटाचं पटतं. पण असा प्रयोग आमच्याकडे करायचा, तर सल्ला कोणाला द्यायचा याच्या चिठ्ठ्या मालकाच्या नावाने नव्हे, अख्ख्या गल्लीच्या नावाने टाका. एकच जॉबर (माग दुरुस्त करणारा) चार शेडमध्ये फिरत असला तर सल्ला त्याच्यासोबत तुलनेसाठी सल्ल्याविना ठेवलेल्या शेडमध्येही पोचतो आणि फरक दिसेनासा होतो. आणि सल्लागार यायच्या आधी निदान आठ आठवडे फॉल्टची वही भरून घ्या. आधीचा आकडा नसला की नंतरच्या सुधारणेवर व्यापारी विश्वास ठेवत नाही, कपात आहे तशीच राहते.