मुंबईचा वाटा टाळ्यांपुरता?

‘इस्रो म्हणजे बंगळूर आणि श्रीहरिकोटा, मुंबईकर फक्त टीव्हीसमोर टाळ्या वाजवणार’ असं कुणीतरी म्हटलं, ते काही पटलं नाही. १९६९ साली स्थापन झालेली इस्रो १९७२ पर्यंत अणुऊर्जा खात्याखाली होती, आणि त्या खात्याचं बिऱ्हाड इथलंच, मुंबईतलं! ते कागदोपत्री म्हणून सोडलं तरी विक्रोळी उरतेच.

चांद्रयान-३ च्या रॉकेटमधल्या द्रव इंधनाच्या टप्प्याला दोन ‘विकास’ इंजिनं होती. ही इंजिनं विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. मी रोज ८:१२ च्या लोकलने तिथूनच जातो, दारात लटकून. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी परतताना अख्खा डबा एकाच्या मोबाइलवर ओणवा झाला होता. यान उतरलं, तेव्हा बाहेर विक्रोळीच होती.