कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकवायला काय करू?

होटगीरोडवाला:
पेट्रोल गाडी, बीएस४. चढाला झटके मारलालीय आणि चेक इंजिनची लाईट लुकलुकतीय. गॅरेजवाला म्हणलालाय कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा डबा, गेला तर लई खर्च आहे. आहे तोच कसा टिकवायचा ओ?

जुनाकार्ब्युरेटर:
लाईट लुकलुकतीय म्हणजे मिसफायर आहे, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आधी गाडी पळवणं बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जातं, कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळून बसते, मग गाडी पिकअपच घेत नाही. प्लग आणि त्याला ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल बघा, त्याचा खर्च किरकोळ. आणि बॅटरी उतरली म्हणून धक्का मारून स्टार्ट करत बसू नका, तेही कच्चं पेट्रोल आत ढकलतं.

अक्कलकोटनाका:
ऑइल कमी होतंय का ते पण बघा. निळा धूर असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस कन्व्हर्टरमधल्या धूर साफ करणाऱ्या प्लॅटिनम-पॅलेडियमच्या थरावर बसतं, ते काय धुऊन निघत नाही. नुसतं सोलापुरातच नवी पेठ ते घर असंच फिरत असाल तर कन्व्हर्टर नीट तापतच नाही, त्याला साधारण २५०-३०० डिग्री लागतात. मिसफायर काढल्यावर अधूनमधून मोहोळपर्यंत हायवेला नेत जा. बाटलीतल्या क्लीनरवर माझा तरी विश्वास नाही.

होटगीरोडवाला:
प्लग काढले, एक काळाकुट्ट आणि ओला निघाला. कन्व्हर्टर काढून सरळ पाईप टाकला तर?

जुनाकार्ब्युरेटर:
अजिबात नको, पीयूसीला अडकाल आणि ते बेकायदेशीर पण आहे. त्या ओल्या प्लगची कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावा, मिसफायर तिकडं गेला तर कॉइलच गेलीय.