प्रति: एन्झाइम बदललं की औषध बाद?
मलेरियाच्या परजीवीचं एन्झाइम बदललं की औषध बाद, म्हणून त्या एन्झाइमचा नादच सोडावा, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. त्यातला पहिला भाग पायरिमेथामिन या मलेरियाच्या औषधापुरता खरा आहे. हे औषध परजीवीचं डीएचएफआर नावाचं एन्झाइम रोखतं. त्या एन्झाइमच्या अमिनो आम्लांमध्ये १०८व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅस्परॅजिन आलं की औषधाच्या रेणूतलं ताठ क्लोरोफेनिल वलय तिथे अडतं. पण म्हणून नव्या औषधांसाठी ते एन्झाइमच सोडून द्यावं, हे मला अजिबात पटत नाही.

थायलंडमधल्या योंगयुथ युथावोंग यांच्या गटाने २०१२ मध्ये पी२१८ हा त्याच एन्झाइमला रोखणारा रेणू मांडला, तो जरूर बघा. त्याची लवचीक साखळी त्या अडथळ्याला वळसा घालते आणि टोकाचा कार्बॉक्सिल गट १२२व्या जागचं आर्जिनिन धरतो. हे एन्झाइम नेहमी ज्या फोलेटवर (एक ब जीवनसत्त्व) काम करतं, त्यालाही हेच आर्जिनिन धरतं. ते बदलायला गेलं तर परजीवीचंच काम बिघडेल! पी२१८च्या माणसांवर पहिल्या टप्प्यातल्या चाचण्याही झाल्या आहेत.