बर्फावरच्या काइटची निवड

प्रश्न: नागपूरच्या फुटाळा तलावावर संक्रांतीचा पतंग उडवण्यापलीकडे मला अनुभव नाही, पण हिमाचलातल्या उंच स्पिती खोऱ्याच्या बर्फावर काइटिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने बर्फावरून घसरत जाणे) शिकायचे आहे. डीपॉवर होणारी (ओढ कमी करता येणारी) फॉइल काइट, म्हणजे कापडी कप्प्यांत हवा भरून फुगणारा पतंग, ओपन-सेल घ्यावी की क्लोज्ड-सेल?

उत्तर 1: केवळ बर्फासाठी ओपन-सेलच घ्यावी, कारण पुढच्या काठाची तोंडे उघडी असल्याने ती लगेच फुगते आणि उतरवल्यावर लवकर रिकामी होते; क्लोज्ड-सेलच्या, हवा आत धरून ठेवणाऱ्या झडपांचा खरा उपयोग पाण्यावर होतो.

उत्तर 2: मला आकाराची अधिक काळजी वाटते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. बार (काइट चालवायचा हातातला दांडा) दूर ढकलल्यावर काइटचा वाऱ्याशी असलेला कोन कमी होऊन ती ओढ उतरते, संपत मात्र नाही. म्हणून क्विक रिलीजचा (संकटात काइटची ओढ झटकन सोडून देणाऱ्या यंत्रणेचा) सराव आधी नागपुरातल्या मोकळ्या मैदानावर, जाड हातमोजे घालूनच करावा.

उत्तर 3: स्पितीसारख्या ठिकाणी, 4000 मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच वाऱ्यात ओढ कमी मिळते.