शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांना विद्यापीठातच काम द्यावे का?

पालक, दांडिया बाजार

वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींना ग्रंथालयात, प्रयोगशाळांत आणि विभागांच्या कार्यालयांत आठवड्याला दहा-बारा तासांचे पगारी काम मिळावे, असे माझे ठाम मत आहे. गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेसारख्या मदतीने शुल्काचा भार हलका होतो. पण खोलीचे भाडे, खानावळ, बसचा पास आणि झेरॉक्स यांसाठी दर महिन्याला रोख पैसे लागतात, आणि शिष्यवृत्ती खात्यावर जमा होईपर्यंत पुष्कळदा सत्र संपत आलेले असते. ही मुले आजही काम करतातच, फक्त ते विद्यापीठाबाहेर करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने चालते. अमेरिकेत तर १९६४च्या कायद्यापासून गरजू विद्यार्थ्यांच्या अशा कामाच्या वेतनाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलते. मग हे आपल्याकडे का होऊ नये?

निवृत्त प्राध्यापिका, फतेहगंज

आपल्या हेतूबद्दल मला आदर आहे. उपाय मात्र मला मान्य नाही. ज्यांनी हे शहर घडवले त्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात होती, पण ती शिक्षण पुरे झाल्यानंतरची. शिकण्याचा काळ महाराजांनी मोकळा ठेवला. डभोईहून रोज ये-जा करणाऱ्या विज्ञान शाखेच्या मुलीचे प्रात्यक्षिक संध्याकाळी संपते. तिला आणखी दोन तास थांबवले तर ती घरी कधी पोहोचणार आणि वाचणार कधी? शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला पुन्हा गुण आणि हजेरी दोन्ही पाहिले जातात. सधन घरातला तिचा वर्गमित्र तेच दोन तास अभ्यासाला देतो, आणि निकालाच्या दिवशी दोघांना एकाच मापाने मोजले जाते. गरिबाला पैसे कमी पडत असतील तर शिष्यवृत्तीची रक्कम वाढवावी आणि ती जुलैत द्यावी.

एम.कॉम.ची विद्यार्थिनी, पादरा

मॅडम, रक्कम वाढेल तेव्हा वाढेल. माझे भाडे या महिन्याचे आहे. मी संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहिते. दिवाळीच्या दिवसांत मालक रात्री दहापर्यंत सोडत नाहीत, आणि अंतर्गत परीक्षेसाठी सुट्टी मागितली तर त्या दिवसांचे पैसे कापले जातात. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात परत आलेली पुस्तके क्रमांक पाहून कपाटांत लावण्याचे काम मला मिळाले, तर परीक्षा केव्हा आहे हे काम देणाऱ्यालाच ठाऊक असेल. शिवाय दोन तासिकांमधला जो वेळ आज रिकामा जातो, त्यातच ते काम होईल. हा अभ्यासाचा वेळ हिरावणे नव्हे. जो आधीच हिरावला गेला आहे, त्यातला थोडा परत मिळणे आहे.

कंत्राटी कर्मचारी, वाडी

ताई, तुमची अडचण खरी आहे, तरी दुसरी बाजूही ऐका. माझ्यासारखे कितीतरी जण अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कार्यालये चालवतात. ‘मानधन’ म्हणून किरकोळ रक्कम देऊन मुले मिळू लागली, तर आमच्या रिकाम्या जागा कोण भरणार? उद्या त्याच मुलांना पदवीनंतर ही नोकरी हवी असेल, तेव्हा ती जागाच उरलेली नसेल. आणि कामासाठी निवडलेल्या शिष्यवृत्तीधारकांची यादी विभागाच्या फलकावर लागली, की कोणाच्या घरची परिस्थिती कशी आहे हे सगळ्या वर्गाला कळते. त्याचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार या योजनेत कुठेच दिसत नाही.

पालक, दांडिया बाजार

तुमची भीती रास्त आहे, आणि म्हणूनच नियम कागदावर हवेत. अमेरिकेतल्या योजनेत किमान वेतनाखाली कोणाला राबवता येत नाही, आणि विद्यार्थ्यांना घेऊन नेहमीच्या कर्मचाऱ्यांना हटवण्यास कायद्याने मनाई आहे. तिथली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद अशी, की या कामाची कमाई पुढल्या वर्षीची मदत ठरवताना उत्पन्नात धरली जात नाही. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यावरच सारे अवलंबून असल्यामुळे ही तरतूद पहिल्या दिवसापासून लागेल. नाहीतर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. कपाटांत पुस्तके लावणे, सायंकाळचा वाचनकक्ष उघडा ठेवणे, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणीत मदत करणे, ही कामे आज माणसांअभावी अडतात. तेवढीच विद्यार्थ्यांना द्यावीत. यादी फलकावर लावण्याचे तर काहीच कारण नाही.

निवृत्त प्राध्यापिका, फतेहगंज

तर मग माझी एक अट त्यात घाला. काम नाकारले म्हणून कोणाचीही शिष्यवृत्ती एका रुपयानेही कमी होणार नाही, हे पहिल्याच कलमात लिहा, आणि परीक्षेच्या महिन्यात तास शून्यावर आणण्याचा हक्क विभागप्रमुखाच्या मर्जीवर न ठेवता विद्यार्थ्याच्या हाती द्या. एवढे मान्य होणार नसेल, तर माझा विरोध कायम आहे.