स्टेअरिंगला लोकल टाय रॉड एंड टाकावा का? पिकअपवाल्यांनो, स्पष्ट बोला

ओतूरकर
माझी बोलेरो पिकअप आहे. आठवड्यातून चार वेळा टोमॅटोचे कॅरेट भरून माळशेज उतरतो, मुरबाड-कल्याणवरून वाशी मार्केट. मागच्या पावसाळ्यात स्टेअरिंगला प्ले आला (ढिलेपणा) म्हणून दोन्ही टाय रॉड एंड बदलले, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे बॉलचे सांधे. दुकानदाराने तीन किमतींचे तीन डबे समोर ठेवले, मी सगळ्यात स्वस्तातला उचलला.

पाच महिन्यांत गाडी परत डावीकडे ओढायला लागली. जॅकवर चढवून चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, तर खटखट. खोलून पाहिलं तर सांध्यावरचं रबरी टोपण, म्हणजे बूट चिरलेला, ग्रीसचा पार चिखल झालेला आणि बॉल आत खुळखुळ्यासारखा हलतोय. हा घाटात निसटला असता तर? विचार आला आणि हातपाय गार पडले. आरसा, बंपर, दिवे लोकल टाका. ब्रेक आणि स्टेअरिंगला कंपनीचाच पार्ट, हे माझं ठाम मत.

मंचरचा मिस्त्री
दादा, थोडक्यात वाचलात. पण सगळा दोष डब्यावर टाकू नका. गाडीची कंपनी स्टेअरिंगचा प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. राणे मद्राससारखे कारखाने गाड्यांच्या कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. तुमच्यासमोरचा मधला डबा असाच असणार. मी गिऱ्हाइकाला तोच सुचवतो.

आणि बूट चिरला कशाने? जुना एंड काढताना अंदाधुंद हातोडा मारणारे मी रोज बघतो. नवीन बसवतानाही तोच हात चालतो, रबराला तिथेच जखम होते. कॅसल नटला, म्हणजे खाचांच्या नटला, तो सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन जुनीच वाकवून घालतात. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, तेही न बघता पिळतात. नंतर अलाइनमेंट करायला कोणी थांबत नाही, माल भरायची घाई. अशाने कंपनीचा पार्टसुद्धा टिकत नाही.

सिन्नरवाला
एवढे पैसे घालायचेच कशाला? आमच्याकडे लेथवाला जुना जॉइंट दाबून टाईट करून देतो. दीडशे रुपये. दोन सीझन निघाले माझे.

मंचरचा मिस्त्री
भाऊ, हात जोडतो, हे करू नका. झिजलेला बॉल दाबल्याने गोल होत नाही. फक्त सॉकेट, म्हणजे बॉलभोवतीची वाटी आवळते, स्टेअरिंग जड होतं आणि थोड्याच दिवसांत परत ढिलं. वेल्डिंगचं तर नावच काढू नका, उष्णतेने लोखंडाचा कस जातो. तडा बाहेरून दिसतही नाही.

रात्रीचा ड्रायव्हर
पार्ट मालक निवडतो, स्टेअरिंग आमच्या हातात असतं. मी दोनदा सांगितलं की पुढची चाकं थरथरतात, टायर आतल्या बाजूने खाल्लाय. उत्तर मिळालं, "हा सीझन काढ." दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचे आणि वर स्वस्तातला पार्ट. म्हणून मी ओतूरकरांच्या बाजूने. जे सगळ्यात चांगलं मिळतं ते टाका. माझी दोन लेकरं आहेत.

सिन्नरवाला
तुमचं बरोबर आहे भाऊ. पण माझी गाडी कर्जावर आहे, टोमॅटोला भाव नसला की हप्ता तुंबतो. लोकलवर जातो तो हौसेने नाही.

मंचरचा मिस्त्री
म्हणूनच मधला डबा सांगतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ज्यांवर आधी २८ होता, त्यांची किंमत तेव्हाच उतरायला हवी होती. जुन्या छापील किमतीचा डबा कोणी पुढे केला तर विचारा. बिल मागा. जो बिल द्यायला कांकू करतो, त्याच्याकडून स्टेअरिंगचा पार्ट घेऊ नका, डुप्लिकेट डबे अशाच दुकानांतून खपतात.

ओतूरकर
मिस्त्री, हातोड्याचं पटलं. मी शेजारी उभा होतो आणि बघत राहिलो, तेव्हाच थांबवायला हवं होतं. मधला डबा बिलासकट मिळाला तर मी घेईन, एवढं मत बदललं. लेथच्या जॉइंटला मात्र माझ्या गाडीत जागा नाही. सिन्नरवाले, पुढच्या फेरीआधी एकदा गाडी जॅकवर घ्याच. चाक आधी डाव्या-उजव्या कडेला धरून आडवं हलवा, मग वर-खाली धरून. आडवं हललं तर टाय रॉड, वर-खाली हललं तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट नाहीतर चाकाचं बेअरिंग. काय निघतं ते इथे लिहा.